पित्ताची पिशवी जागेवरच आहे, माय

मावशी, नमस्कार.

मी ४३ वर्षांची. नागपुरात मानेवाड्याकडे राहते, शाळेत शिकवते. फेब्रुवारीत माझं वजन कमी करायचं बायपासचं ऑपरेशन झालं. तेव्हा ११४ किलो होते, आज ८१ आहे. शुगरची एक गोळी बंद झाली, गुडघे दुखत नाहीत. आणखी काय पाहिजे, असं कोणीही म्हणेल. पण केस मुठीमुठीने गळून राहिले. दंडाची कातडी लोंबते. आठवड्यातून दोन-तीनदा जेवलेलं वर येतं. डोकं फार दुखलं की मेडिकलमधून पेनकिलर आणते. चौथ्या महिन्यात बरं वाटलं म्हणून व्हिटॅमिनच्या गोळ्या सोडल्या.

खरं काय ते फक्त ह्यांना माहीत. सासूबाईंना, जावांना, माझ्या चौदा वर्षांच्या मुलीला आम्ही पित्ताच्या पिशवीचं ऑपरेशन सांगितलं. "खाऊन खाऊन फुगली अन् आता पोट कापून घेतलं" हे मला ऐकायचं नव्हतं. महालक्ष्म्यांच्या जेवणात मोठ्या जाऊबाईंनी आग्रहाने पुरणपोळी वाढली, वर तुपाची धार. नाही म्हणता आलं नाही. वीस मिनिटांत छातीत धडधड, दरदरून घाम, पोटात मुरडा. आतल्या खोलीत जाऊन पडले. सासूबाईंनी मीठ-मिरच्या ओवाळल्या. शेजारची विचारते, "काहून वं, काही मोठं दुखणं तर नाही?"

मुलगी म्हणते, आई तू आमच्यासोबत बसत काहून नाही? मी स्वयंपाकघरात उभ्याउभ्या दोन घास खाते. ह्यांच्यासोबत दर रविवारी तर्री-पोहे खायला जायचो, तेही बंद. ते बोलत नाहीत, मी विचारत नाही. आता नवरात्र येते. दरवर्षीसारखे नऊ दिवस उपास धरू का? आणि खरं सांगा, मी चूक केली का?

– तुमची एक वाचक

अगं माय,

शेवटचा प्रश्न आधी घेते. ऑपरेशन करून तू चूक केली असं मला वाटत नाही. शुगर, गुडघे आणि तेहतीस किलो, हा हिशोब कोणी खोटा ठरवू शकत नाही. चुका नंतर झाल्या. दोन झाल्या, आणि दोन्ही अजून सुधारता येतात.

पहिली गोळ्यांची. मी डॉक्टर नाही, औषधाचा शेवटचा शब्द तुझ्या सर्जनचा. पण एवढं पक्कं सांगते की बायपासमध्ये जठराची जेमतेम ३० मिलीची पिशवी ठेवतात, म्हणजे औषधाच्या बाटलीची तीन झाकणं, आणि लहान आतड्याचा पहिला भाग वगळून अन्न पुढे नेतात. लोह आणि कॅल्शियम जिथे जास्त शोषलं जातं तो हाच भाग. बी-१२ शोषायला जठराची जी मदत लागते तीही आता तुटपुंजी आहे. त्यामुळे या गोळ्या ताकद येईपर्यंतच्या टॉनिकसारख्या घ्यायच्या नसतात, त्या जन्मभराच्या असतात. तुला चौथ्या महिन्यात बरं वाटलं ते बहुधा शरीरातल्या जुन्या साठ्यावर. साठा संपल्याचं शरीर लगेच सांगत नाही, मुंग्या आणि धाप सुरू झाली की कळतं. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी सोबत घेऊ नकोस, मध्ये दोन तास जाऊ दे. लोहाच्या गोळीवर चहा तर अजिबात नको. शाळेतून आल्या आल्या आपला हात कुठे जातो ते मला माहीत आहे.

उलट्यांचं मात्र या आठवड्यातच दाखव. घाईने खाल्लं, नीट चावलं नाही, तर अन्न वर येतं. वीस मिनिटांच्या मधल्या सुट्टीत डबा संपवायचा म्हटल्यावर दुसरं काय होणार? अर्धा डबा सुट्टीत खा, अर्धा ऑफ पिरियडमध्ये. घास छोटा, पाणी जेवणानंतर अर्ध्या तासाने. पण एवढं करूनही उलट्या राहिल्या तर पिशवी आणि आतड्याचा जोड आवळला आहे का, व्रण झाला आहे का, हे दुर्बिणीने पाहावं लागतं. त्या मेडिकलवाल्या पेनकिलर आजपासून बंद. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या जातीच्या गोळ्यांनी बायपासच्या जोडावर व्रण होऊ शकतो. डोकं दुखलं तर काय घ्यायचं ते सर्जनला विचारून एका चिठ्ठीवर लिहून फ्रिजला लाव. शौचाला काळं डांबरासारखं झालं तर चिठ्ठी वाचत बसू नकोस, सरळ दवाखाना गाठ.

आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. उलट्या लागून राहिल्या की शरीरातलं थायमिन, म्हणजे बी-१, दोन-तीन आठवड्यांत संपू शकतं. मग दोन-दोन दिसतं, चालताना तोल जातो, बोलणं भरकटतं. अशा वेळी आपल्याकडे काय करतात? गल्लीतल्या दवाखान्यात नेऊन ग्लुकोजची सलाईन लावतात. थायमिन न देता ग्लुकोज चढवलं तर हेच दुखणं आणखी चिघळू शकतं. डॉक्टर वाईट असतो म्हणून असं होत नाही. समोरच्या बाईचं बायपास झालंय हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

आता दुसऱ्या चुकीवर येते, आणि इथे जरा बसते, कारण तुझ्या पत्रात मला सगळ्यात भीती याचीच वाटली.

तुझी पित्ताची पिशवी जागेवरच आहे, हो ना? मग ऐक. वजन झपाट्याने उतरलं की पित्तात खडे होतात. हे इतकं नेहमीचं आहे की पुष्कळ सर्जन पहिले सहा महिने त्यासाठी गोळीच देतात. समज, एका रात्री तुझ्या उजव्या बरगडीखाली कळ उठली. मिस्टर गावाला गेलेले. सासूबाई आणि पोरगी तुला ऑटोत घालून कॅज्युअल्टीत नेतात. तुला धड बोलता येत नाही. डॉक्टर विचारतात, आधी काही ऑपरेशन? सासूबाई अगदी खात्रीने सांगतात, "हो, पित्ताची पिशवी काढली." पोटावर दुर्बिणीच्या छिद्रांच्या खुणा असतातच, दोन्ही ऑपरेशनांच्या जवळपास सारख्याच. जिथे खडा अडकला असेल तिथे पाहायचं सोनोग्राफी होईपर्यंत राहून जाईल, आणि बायपास तर कोणाच्या ध्यानीमनीही नसेल. ती माउली खोटं बोलत नसेल, तुम्ही तिला जे शिकवलं तेच सांगत असेल.

म्हणून घरी सांग. सगळ्या मानेवाड्याला सांगायची गरज नाही. शेजारणीला "शुगरसाठी उपचार सुरू आहे, तब्येत छान आहे" एवढं पुरे, आणि ते खरंही आहे. पण एका छताखाली राहतात त्यांना कळलं पाहिजे. आधी मुलीला. चौदा वर्षांची पोर आईला उभ्याने दोन घास खाताना, मग मोरीत उलटी करताना पाहते, तेव्हा ती मनात काय काय जुळवत असेल? एक तर आईला कॅन्सर झालाय, नाहीतर बारीक व्हायचं तर असंच करावं लागतं. दोन्ही तिच्या डोक्यातून काढायला हवं.

सासूबाईंना सांगताना माफी मागितल्यासारखं बोलू नकोस. "आई, शुगर फार वाढली होती, डॉक्टरांनी पोटाचं ऑपरेशन सांगितलं, मला भीती वाटली म्हणून दुसरं नाव सांगितलं" असं दोन वाक्यांत सांग आणि मग त्यांच्या हातात एक काम दे. "माझं ताट तुम्हीच वाढत जा, वाटीभरच." आपल्याकडच्या बायांना काळजी करू नका म्हटलेलं समजत नाही, काम दिलेलं समजतं. चार दिवस टोमणे मारतील, मारू दे. पाचव्या दिवशी जाऊबाईंच्या हातातला तुपाचा चमचा त्याच अडवतील. मीठ-मिरच्या ओवाळणारी सासू तुझ्या बाजूची आहे गं, फक्त तिला चुकीचा आजार माहीत आहे.

त्या दिवशी पुरणपोळीने काय केलं तेही समजून घे, म्हणजे नजर-बिजर मनातून जाईल. तुझ्या त्या छोट्या पिशवीत गूळ-साखर थांबत नाही, धाडकन आतड्यात उतरते. आतडं तिकडे पाणी ओढून घेतं. मग धडधड, घाम, मुरडा, जुलाब, सगळं खाल्ल्यावर दहा ते तीस मिनिटांत. याला डंपिंग म्हणतात. याचा दुसरा प्रकार एक ते तीन तासांनी येतो. गोड जाऊन इन्सुलिन जास्त सुटतं आणि साखर खाली पडते. हातपाय थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. तुझी शुगरची बाकीची औषधं सुरूच असतील, तर दुपारच्या वर्गात असं कधी होतं का ते आठव आणि डॉक्टरांना सांग. वजन उतरलं की डोस बदलावा लागतो, बीपीच्या गोळीचाही. पुढच्या वर्षी महालक्ष्म्यांसमोर बसशील तेव्हा आंबील चार चमचे घे, भाजी-वरण घे, आणि पुरण नैवेद्यापुरतं.

केसांचं सांगते. मोठं ऑपरेशन, झपाट्याने उतरलेलं वजन, असा धक्का बसला की पुष्कळ केस एकदम झोपी जातात आणि तीनेक महिन्यांनी गळतात. मुळं शाबूत असतात, केस परत येतात. पण तुझा सातवा महिना सुरू आहे आणि गोळ्या बंद आहेत, म्हणून फेरिटिन (म्हणजे लोहाचा साठा), बी-१२, व्हिटॅमिन डी, हिमोग्लोबिन सगळं तपासून घे. कांद्याचा रस चोळायच्या आधी प्रोटीन मोज. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम लागतं. एका अंड्यात सहा ग्रॅम, घट्ट वरणाच्या वाटीत सहा-सात. दोन घासांत ते पुरं होत नाही, त्यामुळे पावडर लागेलच. ताटात आधी अंडं, पनीर, मोड आलेली मटकी किंवा झुणका, पोळी-भात शेवटी जागा उरली तर.

कातडीचं इतक्यात काही करू नकोस. वजन अजून उतरतंय. ते वर्ष-दीड वर्षाने एका जागी थांबलं की मग प्लास्टिक सर्जनला विचारायचं. तोवर ऑक्टोबरच्या उकाड्यात घड्या कोरड्या ठेव, नाहीतर चट्टे उठतात. (आणि अजूनही ऑटोत बसताना तू अंग चोरून घेत असशील. मनाला नवं माप कळायला वेळ लागतो.)

नवरात्र. नऊ दिवस साबुदाणा आणि चहावर? नाही. साबुदाण्यात प्रोटीन नावालाही नसतं, आणि सात महिन्यांच्या बायपासवर नऊ दिवसांचा उपास म्हणजे आत्ता सांगितलेली सगळी दुखणी हाताला धरून घरात आणणं. घट बसव, माळ घाल, कोराडीला देवीच्या दर्शनाला जाऊन ये. अगदी राहवत नसेल तर सर्जनला विचारून अष्टमीचा एक दिवस धर. त्या दिवशी दही, ताक, पनीर घे, भगर थोडीशी, आणि गोळ्या सुरूच. देवीला तुझं पोट रिकामं बघायची हौस असेल असं मला वाटत नाही, पण हे माझं मत झालं.

आता रविवारच्या पोह्यांकडे येते. पत्रात तू ते एका ओळीत उरकलं आहेस, पण मला वाटतं तुझं खरं दुखणं तिथेच आहे. आपण जाडे असताना लोक हसतात हे खरं, पण खाणं हा आपला सोबतीही असतो. तो सोबती फेब्रुवारीत गेला आणि त्याच्यासाठी रडायला तुला कोणी दिलं नाही, कारण सगळं "चांगलंच" झालं होतं. रड एकदा. त्यासाठी ऑपरेशन चुकलं असं मानायची गरज नाही. मात्र रडणं थांबेना, झोप उडाली, जगण्यात राम नाही असं वाटलं, तर कोणाची परवानगी न घेता १४४१६ वर फोन कर. टेली-मानस ही सरकारी सेवा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. या ऑपरेशननंतर काहींना मनाचा असा खड्डा लागतो, आणि सर्जनलाही ते सांगायचं असतं.

आणि मिस्टर. ते रागावलेत असं तू धरून चालली आहेस. मला ते घाबरलेले वाटतात. ऑपरेशनच्या कागदावर सही त्यांची होती, आणि तुझी प्रत्येक उलटी ते त्या सहीच्या खात्यात मांडत असतील. तुझ्यासमोर पोहे खायचे कसे, हाही प्रश्न असेल. स्वीडनमध्ये अशा ऑपरेशन झालेल्या लोकांचा मोठा अभ्यास २०१८ मध्ये छापून आला, त्यात नवरा-बायको वेगळे होण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं होतं. तुला घाबरवायला सांगत नाही. एका माणसाचं शरीर बदललं की दोघांची घडी विस्कटते, एवढंच सांगते, आणि ते मानेवाड्यातच होतं असं नाही. तुम्ही दोघांनी मिळून एक गुपित सांभाळलं, म्हणून एकमेकांशीही गप्प बसलात. घरात खरं सांगितलंस की हेही थोडं सैल होईल असा माझा अंदाज आहे.

तर असं कर. सोमवारी सर्जनची वेळ घे, रक्त दे, गोळ्या सुरू कर. सासूबाईंशी बोलताना मिस्टरांना बाजूला बसव, त्यांनी तोंड उघडलं नाही तरी चालेल. उलट्या थांबल्या की येणाऱ्या पहिल्या रविवारी सकाळी त्यांना म्हण, चला. प्लेट एकच घ्या. पोहे त्यांना खाऊ दे, तू त्यातले चणे वेचून घे, पाच-सहा, अगदी पीठ होईस्तोवर चावून. तर्री वेगळी घ्यायला सांग, तेल तुला झेपणार नाही. गाडीवाला ओळखीचा असेल तर विचारेलच, ताई, एवढे दिवस कुठे होत्या?

रिपोर्ट आले की कळव.

– मावशी