डीएचा सिलेंडर कोमट लागला, आता काय?

प्रश्न : सर, माझं इचलकरंजीला फॅब्रिकेशनचं छोटं शेड आहे. गेल्या आठवड्यात गॅस कटिंग करताना टॉर्चमध्ये फट्ट आवाज झाला, मग आत शिट्टीसारखं वाजत राहिलं आणि नोझलमधून काळा धूर आला. कारागिराने कॉक बंद केले. थोड्या वेळाने हात लावला तर डीएचा, म्हणजे ॲसिटिलीन गॅसचा, सिलेंडर वरच्या अंगाला कोमट. पोरांनी बादलीभर पाणी ओतलं, गार लागला, अर्ध्या तासात काम परत चालू. कारागीर म्हणतो उन्हाने तापला असेल, पण शेडमध्ये ऊन येतच नाही. घाबरण्यासारखं होतं का?

उत्तर : होतं! आणि ऊन येत नाही हे तुम्हीच लिहिलंय, म्हणजे मनात शंका आलीच होती.

बघा, घरच्या एलपीजीला पेटायला हवा लागते. ॲसिटिलीनला हवेची गरजच नाही, ते बंद सिलेंडरच्या आतसुद्धा स्वतःचं स्वतः फुटून कार्बन आणि हायड्रोजन होतं आणि त्यात उष्णता सुटते, मग शेजारचा गॅस फुटतो, असं आतल्या आत चालू राहतं आणि बाहेरून तुम्हाला फक्त कोमट लागतं. म्हणून तर हा सिलेंडर पोकळ नसतो, आत स्पंजसारखा सच्छिद्र माल ठासलेला असतो, त्यात ॲसिटोन मुरवतात आणि त्या ॲसिटोनमध्ये गॅस विरघळवतात. डीए म्हणजे तेच, डिझॉल्व्ड ॲसिटिलीन. हा स्पंज स्वीडनच्या गुस्ताफ डालेनने सुधारला, १९१२ चं फिजिक्सचं नोबेल मिळालं त्याला (ते मात्र दीपगृहांच्या गॅसच्या ऑटोमॅटिक रेग्युलेटरसाठी) आणि त्याच वर्षी ॲसिटिलीनच्या टेस्टमध्ये स्फोट होऊन दोन्ही डोळे गेले. एवढ्या जाणकार माणसाची ही गत, आणि आपण बादली ओतून मोकळे.

तुमची शिट्टी आणि काळा धूर म्हणजे ज्योत टॉर्चच्या आत शिरलेली. तेव्हा आधी टॉर्चचा ऑक्सिजन बंद, मग गॅस, मग लगेच ऑक्सिजन आणि डीए, दोन्ही सिलेंडरचे व्हॉल्व्ह. म्हणून डीएची चावी कायम व्हॉल्व्हवरच ठेवायची, पोरगा ती टूलबॉक्समध्ये शोधत बसला की संपलं. हे सगळं पहिल्या काही सेकंदांचं काम आहे. नंतर सिलेंडर गरम लागला तर व्हॉल्व्हकडे जायचंच नाही, हलवायचा नाही, ढकलत बाहेर न्यायचा तर अजिबात नाही. सगळ्यांना बाहेर काढा, शेजारच्या शेडवाल्यांनाही, आणि १०१ ला फोन करून ‘ॲसिटिलीनचा सिलेंडर गरम झालाय’ हे शब्द सांगा, नुसतं गॅस म्हणू नका. फायर ब्रिगेडवाले आडोशाने लांबून पाणी मारत राहतात, कारण वरून गार लागला तरी आतला स्पंज तापलेला असू शकतो आणि तासांनंतरही फुटू शकतो. तुमची बादली फक्त पत्र्याला लागली.

आता तो सिलेंडर वापरू नका, सप्लायरला घडलेलं सगळं सांगून परत द्या. होस बदला, रेग्युलेटर आणि टॉर्च तपासून घ्या, आणि दोन्ही लाइनना फ्लॅशबॅक अरेस्टर (ज्योत मागे सिलेंडरकडे जाऊ न देणारा भाग) लावा. खर्च होतो म्हणून रडायचं नाही. गेजवर डीएचं प्रेशर १ किलोच्या (चौरस सेंटिमीटरला) पुढे कधीच न्यायचं नाही, कटिंग हळू होतंय म्हणून पोरं गुपचूप वाढवतात, लक्ष ठेवा.

प्रश्न : टेम्पोवाला डीएचा सिलेंडर आडवा टाकून आणतो. चालतं?

उत्तर : नाही. आडवा असला की गॅसबरोबर ॲसिटोन बाहेर येतं, रेग्युलेटर आणि होसचं रबर खराब होतं. आलाच तसा तर उभा करून साखळीने बांधा, काही तास तसाच राहू द्या, मग जोडा. टेम्पोवाल्याला चहा पाजून समजवा, ऐकत नसेल तर टेम्पो बदला.

प्रश्न : होस फाटला होता, मधे तांब्याच्या नळीचा तुकडा घालून जोडला. लीक नाही, साबणपाण्याने बघितलं.

उत्तर : साबणपाण्याने बघितलंत हे छान, पण तुकडा आजच काढा. तांब्याबरोबर ॲसिटिलीनचं कॉपर ॲसिटिलाइड बनतं, ते वाळलं की नुसत्या धक्क्याने, घासण्याने उडतं. काढताना गॅस बंद, लाइन रिकामी, आणि तो तुकडा ठोकू-घासू नका. जोडाला गॅसचा स्वतःचा जॉइनर मिळतो, नाहीतर सरळ नवा लाल होस घ्या.