कर्णबधिर शाळेत घातलं तरी मुलगा एकटाच का?

"मॅडम, आता तर सगळी त्याच्यासारखीच मुलं आहेत ना, मग इथे तरी का रमत नाही?" साध्या शाळेतून मधेच कर्णबधिर शाळेत आलेल्या मुलांचे आईबाप हे हमखास विचारतात.

एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. आठवीतला मुलगा, लहानपणीच कॉक्लिअर इम्प्लांट (ऑपरेशन करून कानात बसवलेलं ऐकण्याचं यंत्र) झालेलं, वर्षानुवर्षं स्पीच थेरपी, बोलतो बऱ्यापैकी. साध्या शाळेत पोरांचा गोंगाट, बाई फळ्याकडे तोंड करून शिकवणार, त्यात काही कळेना आणि मार्क घसरले म्हणून इकडे आणला, तर इथल्या पोरांनी 'हा बोलणारा' म्हणून बाजूला टाकला. कारण त्याला साइन, म्हणजे खुणांची भाषा, येत नव्हती. घरच्यांनीच शिकू दिली नव्हती, कुणीतरी सांगितलेलं की हात चालायला लागले की तोंड बंद होतं.

ही भीती फार जुनी आहे. १८८० साली मिलानला शिक्षकांच्या परिषदेत तोंडी बोलण्यावरच शिकवायचं असा ठराव झाला आणि कित्येक देशांत शाळांमधून खुणा हद्दपार झाल्या. २०१० ला व्हँकुव्हरच्या परिषदेत तो ठराव फेटाळला, झाल्याबद्दल खेदही व्यक्त केला, पण आपल्याकडे आजही पालकांना तेच ऐकवतात, याचा मला खरंच राग येतो.

तर, वर्गात त्याचं ठीक चाललेलं. घोळ होता मधल्या सुट्टीत. डबा खाताना पोरं भराभर खुणांमधे गप्पा मारणार, हसणार, हा विचारणार काय झालं, तर उत्तर "काही नाही, नंतर". हे मी आईला सांगितलं तर ती गप्पच झाली, मग म्हणाली, "घरी जेवताना आम्हीपण त्याला हेच म्हणतो."

शाळेचं म्हणणं होतं एक हुशार मुलगा त्याच्या सोबतीला देऊ. मी नको म्हटलं. नेमून दिलेला मुलगा मदत करतो, दोस्ती करत नाही. आणि दुसरं, बोलता येतं म्हणून त्याला ऑफिसचे निरोप द्यायला, पाहुण्यांशी बोलायला पाठवणंही बंद करायला लावलं, त्यानेच पोरांच्या डोक्यात तो 'सरांचा माणूस' झाला होता. त्याऐवजी गॅदरिंगच्या नाटकात लाइटवर घातला. चित्रकलेचे सर स्वतः कर्णबधिर, तालमी तेच घेतात, तिथे सगळं साइनमधेच, चुकलं की सगळे हसणार, यालाही हसू यायला लागलं. मोठा कर्णबधिर माणूस नोकरी करतोय, बाइक चालवतोय, जोक मारतोय, हे त्याने जवळून पहिल्यांदा बघितलं, आणि माझ्या मते निम्मं काम तिथेच झालं. पुढे पोरांनी त्याला खुणेचं नाव दिलं, सारखा केस मागे सारतो त्यावरून. ते नाव आपलं आपण घेता येत नाही, इतरांनीच द्यावं लागतं.

घरी आईने दिल्लीच्या साइन लँग्वेज सेंटरची १०,००० शब्दांची डिक्शनरी यूट्यूबवर बघून सुरुवात केली. बाबांची गाडी अजून 'जेवलास का' आणि 'पैसे किती' वर अडकलीय. बोलणं बंद झालं का? नाही, आईशी भांडतो तोंडानेच.

आता आईची तक्रार वेगळी, रात्री उशिरापर्यंत मित्रांशी व्हिडिओ कॉल चालतात, अभ्यास राहतो. मी म्हटलं वेळ ठरवून द्या, पण फोन काढून घेऊ नका.