आधी पाणी ओळखायला शीक

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

प्रबंधासाठी नैऋत्य मोसमी प्रवाहावर, म्हणजे पावसाळ्यात समुद्रात वाहणाऱ्या त्या प्रवाहावर, काम करायचं ठरवलंस हे वाचून फार बरं वाटलं. आराखडाही नीट वाचला. प्रवाहाचा वेग, रुंदी, उपग्रहावरून दिसणारी समुद्राची पातळी, सगळं जागच्या जागी आहे. प्रवाह किती पाणी नेतो ते त्यातून निघेल. पण तो कोणतं पाणी नेतो आणि वाटेत त्या पाण्याचं काय होतं, याला तू एकच परिच्छेद दिला आहेस. माझ्या मते प्रबंधाचा गाभा तोच व्हायला हवा.

हे पाणी येतं कुठून ते बघ. उत्तर अरबी समुद्रावर हिवाळ्यात ईशान्येकडून कोरडे, थंड वारे वाहतात. बाष्पीभवनामुळे पाणी आणखी खारं होतं, गारठून जड होतं, खाली उतरतं आणि दक्षिणेकडे पसरत जातं. त्याची क्षारता, म्हणजे किलोभर पाण्यातलं मीठ साधारण ग्रॅममध्ये, 36 च्या वर असते. पुढे जून ते सप्टेंबरात मोसमी प्रवाह अरबी समुद्राचं पाणी घेऊन श्रीलंकेला दक्षिणेकडून वळसा घालतो आणि ईशान्येला वळून बंगालच्या उपसागरात शिरतो. तिथे सेकंदाला साधारण एक कोटी घनमीटर पाणी वाहत असतं. जगातल्या सगळ्या नद्या मिळून समुद्रात जेवढं ओततात त्याच्या कितीतरी पट.

उपसागरात चित्र उलटं. गंगा, ब्रह्मपुत्रा, वरून पाऊस. उत्तरेकडे पावसाळ्यानंतर पृष्ठभागाची क्षारता 30 च्याही खाली जाते. हा गोड्या पाण्याचा पातळ थर खालच्या थंड पाण्याला सहज वर येऊ देत नाही, म्हणून पृष्ठभाग उबदार राहतो. विदर्भापर्यंत पाऊस आणणारे कमी दाबाचे पट्टे तयार होतात ते याच समुद्रावर. पण दरवर्षी एवढं गोडं पाणी येऊनही उपसागर वर्षागणिक गोडा होत जात नाही. म्हणजे मीठ कुठून तरी परत येतंच. तुझा खरा प्रश्न हा आहे.

अरबी समुद्राचं पाणी जड, त्यामुळे ते उपसागराच्या हलक्या पाण्याखाली सरकतं. श्रीलंकेच्या पूर्वेला ते साधारण पन्नास ते दीडशे मीटर खोलीच्या पट्ट्यात सापडतं आणि तिथेही त्याची क्षारता 35 च्या वर असते. तिथून ते घुसळणीने थोडं थोडं वर मिसळतं. समुद्रशास्त्रज्ञ विनयचंद्रन आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये याला ‘मिठाचा पंप’ म्हटलं, आणि 2016 च्या पावसाळ्यात ‘बॉबल’ मोहिमेत ‘सिंधु साधना’ जहाजावरून भारतीय आणि ब्रिटिश शास्त्रज्ञांनी मिळून याच भागात मोजमापं घेतली. ते सगळे निबंध वाच.

आराखड्यातली एक गोष्ट मात्र बदलायला हवी. आर्गो तरंगकांवरून, म्हणजे समुद्रात वाहत जाऊन आपोआप तापमान-क्षारता मोजणाऱ्या यंत्रांवरून, तू पाण्यातला बदल ‘पाठलाग करून’ टिपणार आहेस. तरंगक बहुतेक वेळ हजार मीटर खोलीवर असतो आणि साधारण दहा दिवसांतून एकदा वर येतो. तुझं पाणी तर दीडशे मीटरच्या वर वाहतंय. म्हणजे प्रत्येक वेळी त्याला भेटणारं पाणी वेगळंच असतं. त्या नोंदी मोलाच्या आहेत, पण तो पाठलाग नव्हे.

पाण्याची ओळख पटते ती टी-एस आलेखावर. एका अक्षावर तापमान, दुसऱ्यावर क्षारता. दोन पाणी नुसती एकमेकांत मिसळली तर मिश्रणाचे बिंदू त्यांना जोडणाऱ्या सरळ रेषेवर पडतात. रेष वाकली की समजायचं, तिसरं पाणी आलंय किंवा पृष्ठभागावर ऊन-पावसाने काही केलंय. तिथे थांबून शोध घे.

आणि हे सगळं क्षारतेच्या अचूकतेवर उभं आहे. सीटीडीच्या, म्हणजे पाण्यात सोडून क्षारता, तापमान आणि खोली मोजणाऱ्या उपकरणाच्या, संवेदकाचं मोजमाप काळानुसार हळूहळू ढळतं, म्हणून बाटलीतला नमुना लागतोच. हव्या त्या खोलीवरचं पाणी भरून आणणाऱ्या निस्किन बाटलीतून ऑक्सिजनचे नमुने आधी निघतात, क्षारतेची पाळी बहुधा शेवटी येते. तोवर रात्रपाळीतले सगळे पेंगुळलेले असतात. तरीही नमुन्याची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायचीच. मानेशी थोडी जागा सोडायची, तोंड कोरडं पुसायचं, बूच घट्ट बसवायचं. तोंडाशी सुकलेला मिठाचा कण आत पडला किंवा बूच सैल राहून पाणी उडालं, तर आकडा वाढतो आणि नंतर तो चुकलाय हे कळतही नाही. बाटल्या क्षारतामापकाच्या खोलीत ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्यायच्या, मगच मोजायच्या. हे काम मदतनिसावर सोपवू नकोस. मिसळण्याचा पुरावा दशांशचिन्हानंतरच्या आकड्यांत असतो.

आता एवढं कर. जुन्या पावसाळी सफरींतली दोन ठिकाणं निवड: एक लक्षद्वीपजवळचं, एक श्रीलंकेच्या पूर्वेला 8 अंश उत्तर अक्षांशावरचं. दोन्हींचे टी-एस आलेख एकाच कागदावर पेन्सिलीने काढ आणि फोटो पाठव. वेगाचं त्यानंतर बोलू.

कळावे.