लाटव्हियात रीगाला एक दिवस मोकळा आहे, ताल्सीला जाण्यात अर्थ आहे का? की नुसत्या टेकड्याच आहेत?

अर्थ आहे, जा. "नुसत्या टेकड्या" वाचलं आणि राहवलं नाही, कारण हेच मी घरच्या माणसाकडून ऐकून घेतलंय.

मी रीगात शिकलो आणि नोकरीही इथेच. भाऊजी युरोप फिरायला आले तेव्हा त्यांना हौसेने ताल्सीला नेलं. नऊ टेकड्यांवरचं गाव, मधे दोन तळी, दगडी फरसबंदीच्या चढाच्या गल्ल्या, टेकडीवर 1567 चं चर्च. पिल्सकाल्न्सवर, म्हणजे किल्ल्याच्या टेकडीवर चढलो तर भाऊजी म्हणतात, "बुरूज कुठाय? तटबंदी कुठाय? याला किल्ला म्हणतात होय?" आणि मग परतीच्या बसमधे पूर्ण वेळ तेच.

अहो, तो कुरोनियन लोकांचा, म्हणजे इथल्या जुन्या बाल्टिक जमातीचा किल्ला होता, लाकूड आणि मातीचा, लाकूड गेलं, टेकडी राहिली. 1231 च्या कागदपत्रात या गावाचं नाव आहे. आणि रायगडावर तरी काय उरलंय? 1818 मधे इंग्रजांच्या तोफांनी वाडे जळाले, उरली ती जोती, तिथे आपण हात जोडून उभे राहतोच ना? मग इथेच दगड का मोजायचे?

दुसरं तळं विल्कमुइझाचं, ते तर मुळीच चुकवू नका. कुरोनियन लोक दहनानंतर उरलेलं या पाण्यात सोडायचे, सोबत शस्त्रं, दागिने, आणि ते सगळं नंतर तळातून सापडलंय. अस्थिविसर्जन करणाऱ्या घरातला माणूस तिथे फोटो काढून दोन मिनिटांत निघतो याचं मला अजून वाईट वाटतं.

बाकी, केनिन्यकाल्न्स या टेकडीवर कोक्लेतायस, म्हणजे कोक्ले हे तंतुवाद्य वाजवणाऱ्याचा पुतळा. मूळ कल्पना शिल्पकार कार्लिस झेमदेगाची, पण उभा राहिला 1996 ला, देश सोव्हिएतमधून सुटल्यावर. बीथोव्हेन ऐकत असाल तर त्याचा जिवलग मित्र कार्ल अमेंडा 1802 पासून इथेच पाद्री होता, बहिरेपणाबद्दल बीथोव्हेनने 1801 मधे ज्या मोजक्या लोकांना पत्रातून सांगितलं त्यातला हा एक. म्युझियम एका बॅरनच्या जुन्या व्हिलात आहे, बघा.

रेल्वेने जाता येत नाही, बसच, अंतर साधारण 115 किमी, परतीची बस आधी बघून ठेवा. हिवाळ्यात चढ घसरडे होतात आणि दुपारीच अंधार पडतो, तेव्हा मे ते सप्टेंबरमधे बरं. दगडी बुरूजच हवे असतील तर त्सेसिसला जा, तिथे लिव्होनियन ऑर्डरचा, म्हणजे मध्ययुगातल्या जर्मन धर्मयोद्ध्यांच्या संघाचा खराखुरा किल्ला आहे, मीच सांगतोय. पण ताल्सीला जाणार असाल आणि सोबत "किल्ला कुठाय" विचारणारं कोणी असेल तर टेकडी चढायच्या आधीच रायगडाचं सांगून टाका, तरीही नाही पटलं तर त्यांना खाली कॅफेत बसवा आणि तुम्ही एकटे वर जा.