वाचकांचे प्रश्न : जुनी फझ पेडलं, जर्मेनियम आणि गिटारचा व्हॉल्यूम

प्रश्न : ताई, मी नोकरीनिमित्त लंडनला असतो. इथल्या एका दुकानात दोन जुनी 'फझ फेस' बघितली, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाटका, खरखरीत करणारी पायानं दाबायची पेडलं. एक लाल, जर्मेनियमचं, म्हणजे आतले ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे. त्यावर 'डॅलस-आर्बिटर इंग्लंड' असं लिहिलंय आणि दुकानदार ते १९६६ चं आहे म्हणतो. दुसरं निळं, सिलिकॉनचं, बरंच स्वस्त. दोन्ही वाजवली तर मला निळंच जास्त आवडलं. सगळे तर जर्मेनियमच घे म्हणतात. माझ्या कानांचं काही चुकतंय का?
— एक वाचक, लंडन

उत्तर : कानांवर शंका घेऊ नका, पण दुकानात तुलना कशी केलीत ते पत्रात नाही आणि सगळं तिथेच अडतं.

आधी तारखेचं बघू. फझ फेस आर्बिटर कंपनीने १९६६ मध्ये बाजारात आणलं. माइकच्या स्टँडचं गोल बूड बघून त्याचा आकार सुचला. सुरुवातीच्या नगांवर नुसतं 'आर्बिटर इंग्लंड' असतं. डॅलसचं नाव डॅलस आणि आर्बिटर या दोन कंपन्या एकत्र आल्यानंतर आलं. म्हणजे डॅलस लिहिलेलं पेडल १९६६ चं नव्हे. दुकानदाराला मुद्दाम फसवायचं असेल असं मी म्हणत नाही, पण किंमत १९६६ ची लावली असेल तर हा मुद्दा त्याच्यापुढे जरूर ठेवा.

मग मागचं झाकण उघडून दाखवायला सांगा. जो विकणारा उघडू देत नाही, त्याच्याकडून जुनं पेडल मी कधीच घेणार नाही. आत फार काही नसतं : दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर आणि दोन पॉट (नॉबखालचे फिरते रेझिस्टर). सोल्डरकडे नीट बघा. जुने टाके मळकट, सगळे एकाच जातीचे दिसतात. त्यातला एखादा चकचकीत असेल, त्याच्याभोवती फ्लक्सचा (सोल्डर करताना वापरतात त्या राळेसारख्या पदार्थाचा) पिवळट डाग असेल, तर तो भाग बदललेला आहे. कपॅसिटर बदललेला असेल तर मी फारसं मनावर घेत नाही, ते वाळतातच. ट्रान्झिस्टर बदललेला असेल तर किंमत उतरलीच पाहिजे. जर्मेनियम नगांत बहुतेक वेळा एनकेटी २७५ नावाचे ट्रान्झिस्टर सापडतात, पण तीच अक्षरं छापलेले ट्रान्झिस्टर पुढच्या काळातही बाजारात आले. त्यामुळे नुसत्या छापावर जाऊ नका. निळ्यात बीसी १०८ किंवा बीसी १८३ च्या जातीचं काहीतरी असेल.

आता ऐकण्याचं. सिलिकॉनच्या ट्रान्झिस्टरचा गेन, म्हणजे सिग्नल वाढवण्याची ताकद, जास्त असतो, म्हणून ते पेडल सहसा मोठ्यानं वाजतं. आणि दोन आवाजांत जो मोठा, तो कुणालाही चांगलाच वाटतो. तेव्हा पेडलच्या व्हॉल्यूमनं दोन्ही आधी एका पातळीवर आणा. गिटार एकच, अ‍ॅम्प एकच, तोही स्वच्छ आवाजावर. गिटारचा व्हॉल्यूम १० वर ठेवून ई कॉर्ड वाजवा आणि विरेपर्यंत ऐका. शेवटी आवाज सलग विरतो की फुरफुरत तुटतो? नंतर व्हॉल्यूम ७ वर आणा, मग ४ वर. चांगलं जर्मेनियम फझ फेस ४ च्या आसपास जवळजवळ स्वच्छ होतं आणि वरचे सूर काचेसारखे लखलखीत लागतात. माझ्या मते या पेडलचा खरा गुण हाच. फझ कुठलंही पेडल देतं. सिलिकॉनही व्हॉल्यूम कमी केल्यावर निवळतं, पण त्याच्यात एक धार शिल्लक राहते. काहींना ती धारच हवी असते. गिटारवादक जिमी हेंड्रिक्सने दोन्ही प्रकार वापरले, तेव्हा खालचं-वरचं ठरवण्याच्या भानगडीत पडू नका.

एक गोष्ट मात्र नक्की तपासा. दुकानातल्या पेडलांच्या बोर्डवर गिटारनंतर पहिलं ट्यूनर पेडल होतं का? अनेक ट्यूनरमध्ये बफर, म्हणजे सिग्नलला जोर देणारं छोटं सर्किट, असतो. फझ फेसला गिटारचे पिकअप (तारांची कंपनं टिपणारे भाग) थेट जोडलेले लागतात. मध्ये बफर आला की आवाज टोचरा होतो आणि व्हॉल्यूम उतरवून निवळण्याचा गुणच जातो. जर्मेनियमचं पेडल असं जोडलेलं असेल तर त्याच्यावर अन्याय झाला. पुन्हा जा, गिटारची केबल थेट पेडलमध्ये लावा, नवी ९ व्होल्टची साधी कार्बन-झिंक बॅटरी सोबत न्या आणि मग ठरवा. तरीही निळंच आवडलं तर निळंच घ्या. वाचलेल्या पैशांचं काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा.

प्रश्न : माझ्याकडे जर्मेनियमचं फझ पेडल आहे. जानेवारीत सुंदर वाजतं. मे महिन्यात दुपारी कार्यक्रम होता तर आवाज घुसमटलेला, तुटक. दोन ठिकाणी दाखवलं, दोघांनीही 'काही बिघाड नाही' म्हणून परत दिलं. — नागपूर

उत्तर : बिघाड नाहीच, उन्हाळा आहे. जर्मेनियम ट्रान्झिस्टरमधून बंद अवस्थेतही थोडा प्रवाह गळतो आणि तापमान अंदाजे १० अंशांनी चढलं की ही गळती दुप्पट होते. जानेवारीच्या सकाळी १५ अंश आणि मेच्या दुपारी मांडवात ४५ अंश, म्हणजे तीन वेळा दुप्पट. ट्रान्झिस्टरला एमिटर, बेस आणि कलेक्टर असे तीन पाय असतात. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर बॅटरीच्या निम्मे, साधारण ४.५ व्होल्ट लागतात. गळती वाढली की हा आकडा सरकतो आणि आवाज तुटायला लागतो.

हे स्वतःच्या डोळ्यांनी बघता येतं. पेडल उघडून मल्टीमीटर त्या कलेक्टरवर लावा आणि ट्रान्झिस्टरच्या धातूच्या टोपीवर बोटाचं टोक ठेवा. अंगाच्या उबेनंच आकडा हळूहळू हलायला लागतो. बोट काढलं की सावकाश जागेवर येतो. मी शिकायला आलेल्या मुलांना सगळ्यात आधी हेच दाखवते, कारण एकदा हे पाहिलं की जर्मेनियमबद्दलच्या निम्म्या गूढ कथा गळून पडतात.

उपाय साधे आहेत. पेडल गाडीच्या डिकीत ठेवू नका, मंचावर उन्हात ठेवू नका. पेडल आजच्या काळातलं असेल तर ८.२ किलो-ओमच्या रेझिस्टरच्या जागी छोटा ट्रिमर (पेचकसानं फिरवून जुळवायचा रेझिस्टर) बसवून घ्या आणि उन्हाळ्यात तो फिरवून ४.५ वर आणा. पेडल खरोखर १९६० च्या दशकातलं असेल तर त्याला हात लावू देऊ नका. मेच्या कार्यक्रमांना सिलिकॉनचं एखादं वेगळं पेडल न्या.

प्रश्न : न्यू जर्सीत घरमालकांच्या तळघरात 'बिग मफ' नावाचं एक फझ पेडल मिळालं. त्यांनी ते मला देऊन टाकलं. कोणत्या सालचं ते कसं ओळखायचं? आणि घरी दणदणीत वाजणारं हे पेडल बँडमध्ये हरवून का जातं?

उत्तर : नशीबवान आहात, आणि ते घरमालकही मोठ्या मनाचे. बिग मफ माइक मॅथ्यूज यांच्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्स कंपनीचं, म्हणजे तुमच्या शेजारच्या न्यूयॉर्कमधलंच. १९६० चं दशक सरता सरता ते निघालं. पहिल्या प्रकारात तीन नॉब त्रिकोणात असतात. त्यानंतरच्याच्या कोपऱ्यात एक चिमुकला चेहरा छापलेला आहे, तो मेंढ्याच्या डोक्यासारखा दिसतो म्हणून त्याला 'रॅम्स हेड' म्हणतात. १९७० च्या दशकाच्या शेवटाकडे ट्रान्झिस्टरऐवजी आयसी (अनेक भाग एकात बसवलेली चिप) वापरलेलाही एक प्रकार आला. १९९० च्या दशकात रशियात बनलेली 'सोव्हटेक' नावाची हिरवी आणि काळी मफ आली.

नक्की सालासाठी पॉटच्या पाठीवरचा आकडा वाचा. १३७ ने सुरू होत असेल तर पॉट सीटीएस कंपनीचा. पुढचे दोन अंक साल आणि त्यापुढचे दोन आठवडा. म्हणजे १३७७३१२ असेल तर १९७३ चा बारावा आठवडा. पेडल त्याच्या आधीचं असू शकत नाही, नंतरचं मात्र असू शकतं, कारण पॉट घाऊक आणून ठेवलेले असत. आणि एकाच प्रकारातल्या दोन मफमध्येही आतल्या रेझिस्टर-कपॅसिटरची मापं वेगळी निघतात. म्हणून 'रॅम्स हेडचा आवाज' असा एकच आवाज नसतो. समोरचा नग कसा वाजतो तेवढंच खरं.

बँडमध्ये हरवण्याचं कारण टोनच्या सर्किटमध्ये आहे. नॉब मध्यावर ठेवला की १००० हर्ट्झच्या आसपासचे मधले सूर खाली जातात. घरात एकट्यानं वाजवताना ते भव्य वाटतं, पण बँडमध्ये खालची जागा बास घेतो, वरची झांजा घेतात आणि गिटारला जी मधली जागा हवी तीच पेडलनं सोडलेली असते. अ‍ॅम्पवर मिड वाढवा. कोणतंही मफ दुसऱ्या पेडलशी ताडून बघायचं असेल तर ते बँडबरोबरच बघा. एकट्यानं केलेली तुलना इथे हमखास चकवते.

प्रश्न : जुनं पेडल परवडत नाही. घरी बनवायचंय. जर्मेनियम ट्रान्झिस्टर कुठे मिळतील? — सांगली

उत्तर : लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत जुन्या दुकानदारांना एसी १२८ हे जर्मेनियम ट्रान्झिस्टर विचारा. जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओंमध्ये ही जात असायची. गावातल्या जुन्या रेडिओ मेकॅनिकच्या डब्यातही सापडतील. दोन हवे असले तरी मूठभर घ्या, कारण बरेचसे गळके निघतात.

साध्या मल्टीमीटरवर गेन मोजू नका. तो गळतीही गेनमध्येच धरतो. त्याऐवजी एमिटर बॅटरीच्या धन टोकाला जोडा आणि कलेक्टर २४७२ ओममधून ऋण टोकाला. हा आकडा २.२ किलो-ओम आणि एका ट्रिमरनं जुळवता येतो. बेस मोकळा ठेवून त्या रेझिस्टरवरचे व्होल्ट वाचा, ती गळती. मग बेस २.२ मेगा-ओममधून ऋण टोकाला जोडून पुन्हा वाचा. दोन्हींतला फरक गुणिले १०० म्हणजे खरा गेन. समजा आधी ०.३० आणि नंतर १.१० आलं, तर गेन ८०. असा ट्रान्झिस्टर पहिल्या जागी उत्तम बसतो, दुसऱ्या जागी १२० च्या आसपासचा लावा. पहिलं वाचन ०.७ च्या वर गेलं तर तो नग बाजूला ठेवा. हातात धरलेला ट्रान्झिस्टर थंड होऊ द्या, मगच मोजा.

एसी १२८ पीएनपी, म्हणजे उलट्या ध्रुवांवर चालणाऱ्या जातीचा असल्यामुळे या पेडलमध्ये बॅटरीचं धन टोक अर्थला येतं. म्हणून इतर पेडलांच्या सामायिक अ‍ॅडॉप्टरला ते जोडू नका, शॉर्ट होईल. बॅटरीवरच चालवा. ते वीज इतकी कमी खातं की बॅटरी महिनोन् महिने टिकते, फक्त वाजवून झाल्यावर इनपुटची केबल काढून ठेवायची.