कट्ट्यावर कोण बसलंय?

प्रिय मुली,

तुझा मेसेज रात्री पावणेबाराचा. मी तो सकाळी चहा टाकताना वाचला आणि दूध उतू गेलं. दिव्यांग मुलांसाठीच्या तुझ्या शनिवारच्या व्यायामसत्रांना 24 कुटुंबांपैकी 9 सहाव्या आठवड्याच्या आतच यायची बंद झाली, गाइड म्हणतात 'गळती' अशी एक ओळ टाक आणि पुढे चल, आणि तू मला विचारतेस, विषयच बदलू का?

विषय बदलायचा नाही. हे झालं. आता प्रबंधाचं पान 41 उघड.

'पालकांमधील अनास्था हा प्रमुख अडथळा असल्याचे दिसून येते.' हे वाक्य तुझं नाही, मला माहीत आहे. ते आपल्या क्षेत्रात हवेतच तरंगत असतं आणि कुणाच्याही प्रबंधात जाऊन बसतं. माझ्याही बसलं होतं. पण दिसून येते म्हणजे कुणाला? कुठून बघताना?

मागच्या महिन्यात मी तुझ्या शनिवारच्या सत्राला आले होते. मैदानावर मुलं, दोन स्वयंसेवक, रंगीत शंकू, तुझी शिट्टी. आणि तुझ्या पाठीमागे, चिंचेखालच्या कट्ट्यावर, अकरा माणसं. मी मोजली. सात आया, एक आजोबा, दोन बाप (त्यातला एक सारखा फोनवर 'हो सर, अकरापर्यंत पोचतो सर'), आणि एक दहा-अकरा वर्षांची बहीण. तिच्या मांडीवर भावाचे स्प्लिंट (हातापायाला बांधायचे आधार) होते आणि ती वेल्क्रोत अडकलेले केस एकेक करून उपटत होती. पाऊण तास तेच. गुडघ्यामुळे मीही तिथेच टेकले होते, म्हणजे बारा. तुझ्या हजेरीपटात या बारांपैकी एकही नाव नाही. प्रबंधाच्या शीर्षकात मात्र 'दिव्यांग मुले व त्यांची कुटुंबे'.

माझं म्हणणं एवढंच आहे आणि तू कंटाळलीस तरी मी ते परत परत म्हणणार आहे: कट्ट्यावर कोण बसलंय ते आधी बघ.

लहानपणी आमच्या वाड्यात एक मुलगा होता, पोलिओने डावा पाय गेलेला. लपंडाव, लगोरी, डबा ऐसपैस, सगळ्यात तो लिंबूटिंबू. खेळायचा, पण त्याच्यावर राज्य नाही, तो आउट झाला तर धरायचं नाही. आम्हाला वाटायचं आम्ही किती चांगले. मग एका मे महिन्यात लंगडी सुरू झाली, आणि तो जन्मभर एका पायावरच उड्या मारत आलेला. त्याने दोन मिनिटांत सगळ्यांना बाद केलं. त्यावर मोठ्या मुलांनी काय ठरवलं असेल? 'याला सवय आहे, याचं धरायचं नाही.' परत लिंबूटिंबू.

आपल्या संशोधनात मूल आता खेळात आलंय, हे खरं. लिंबूटिंबू झाली ती आई. ती असते, तिच्याशिवाय मूल मैदानापर्यंत पोचतच नाही, पण तिचं काही धरायचं नाही.

मी हे कुठल्या तोंडाने सांगते तेही ऐक. 2004 साली मी सेरेब्रल पाल्सीच्या, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी असलेल्या, 16 मुलांबरोबर काम केलं. आठवड्यातून दोनदा, दहा आठवडे, सहा मिनिटांत मूल किती अंतर चालतं ते आधी आणि नंतर मोजायचं. बहुतेकांचं अंतर वाढलं. परिषदेत पेपर वाचला, बक्षीस मिळालं. स्लाइडवर एक फोटो होता, एक सात वर्षांचा मुलगा समांतर दांड्या धरून टाच टेकवायचा प्रयत्न करतोय. मूळ फोटोत मागे बाक आणि बाकावर बायका येत होत्या. गिचमिड दिसत होती, म्हणून मी त्या कापल्या.

तो मूळ प्रिंट अजून माझ्या कपाटात आहे. चार-पाच वर्षांपूर्वी चष्मा लावून नीट पाहिला. बाकावर त्याची आई बसली आहे, मांडीवर स्टीलचा डबा, आणि तिने एक चप्पल काढली आहे. तिचा पाय तिच्या नकळत त्याच्याबरोबर टाच टेकवतोय. पोराकडे बघत ती बसल्या जागी व्यायाम करतेय. आणि मी, सहा मिनिटांचं घड्याळ हातात घेतलेली तज्ज्ञ, मी तिला कात्रीने कापून टाकलं.

शेवटच्या दिवशी मी सगळ्यांना फाइल आणि प्रमाणपत्र दिलं. तिने प्रमाणपत्र पिशवीत ठेवलं आणि विचारलं, "मॅडम, आता सोमवारपासून काय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हणाले, घरी चालू ठेवा. घरी म्हणजे कुठे, कुणाबरोबर, किती वाजता, स्वयंपाक कोण करणार तेव्हा? यातलं काहीही मला माहीत नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं.

तेव्हा वेगळा काळ होता, हेही नोंदवून ठेव. फॉर्मवर एकच रकाना होता, 'रुग्ण'. कायदाही 1995 चाच होता, दिव्यांगत्वाचे सात प्रकार मानणारा. 21 प्रकारांचा कायदा 2016 चा. कुटुंब मोजायचं असतं असं मला कुणी शिकवलं नव्हतं. हे सगळं खरं आहे. पण चप्पल काढलेला पाय दिसायला कायदा लागत नाही, त्यामुळे हे समर्थन माझं मलाच पुरत नाही. तुला तर ती सबबही नाही. 2012 साली रोझेनबॉम आणि गोर्टर या संशोधकांनी मुलांच्या अपंगत्वाकडे बघण्यासाठी इंग्रजी 'एफ'चे सहा शब्द पुढे ठेवले, तुझ्या दुसऱ्या प्रकरणात ते छान सजवून दिले आहेस. त्यातला दुसरा शब्द 'फॅमिली' आहे. तू फिटनेस मोजलास आणि उरलेले पाच पाठ केलेस.

तुझ्या प्रस्तावनेबद्दल एक. जलतरणपटू मुरलीकांत पेटकर असायलाच हवेत. 1972 ला हायडलबर्गमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइलमधलं भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण, आणि आपण पुण्यात बसून लिहितोय. पण त्यानंतर तीन पानं तू पदकांवरच आहेस. तुझ्या 24 घरांतलं कुणी पदकाकडे निघालेलं नाही. ते शनिवारी नऊच्या आत मैदानावर पोचायला निघालेत. त्या प्रवासावर तीन पानं लिही की.

मोजमापाचे तुझे प्रश्न. पावलं मोजणारा पट्टा व्हीलचेअरवरच्या मुलाला शून्य देतो, मग ते मैदानाला दहा फेऱ्या मारून का येईना. तो सरळ काढून टाक. मणक्याची इजा वरच्या भागात, छातीच्या किंवा मानेच्या पातळीला असेल तर नाडीचे ठोके श्रमाच्या हिशेबात वाढत नाहीत, तिथे 'बोलता येतंय का, गाणं म्हणता येतंय का' हीच कसोटी धर. अशांना घामही नीट येत नाही, म्हणून एप्रिल-मेमध्ये साडेआठनंतर उन्हात नको. डाउन सिंड्रोमच्या मुलांना कोलांटउडी देण्याआधी मानेच्या वरच्या सांध्याबद्दल डॉक्टरांना विचार. हे तुला येतं, तरी लिहिलं.

आणि ती प्रश्नावली! 'फावल्या वेळेत आपण कोणत्या शारीरिक क्रियाकलापांमध्ये सहभागी होता?' हे कुणी भाषांतर केलं? पर्वती पायथ्याच्या एका आईला मी हाच प्रश्न एकदा विचारला होता. ती आधी हसली, मग तिने शेजारणीला हाक मारली, "अगं, फावला वेळ म्हणजे कधी असतो गं?" बावीस किलोचं मूल कडेवर घेऊन ती दिवसातून तीनदा तीन जिने चढत होती. तिने उत्तर दिलं, "मी काही करत नाही." आणि मी 'निष्क्रिय' या चौकटीत खूण केली.

इथे घाईने उलटी चूक करू नकोस. जिने चढणं हा तिचा व्यायामच की, असं तिला सांगायला जाऊ नकोस. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शनात मोठ्यांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं आणि मुलांना रोज सरासरी तासभर असं आहे, दिव्यांगांसाठी वेगळ्या शिफारशी त्यात पहिल्यांदाच आल्या, आणि घरकामातली हालचालही त्यात धरतात. तिची मिनिटं तर मंगळवारीच भरतात. पण तिची कंबर गेलेली आहे आणि ती शेवटची खेळली ते लग्नाआधी. ओझं वाहणं वेगळं, खेळणं वेगळं. तुझ्या फॉर्ममध्ये या दोघांना दोन रकाने हवेत.

आता ती नऊ घरं. नव्या कुटुंबांची भरती करून आकडा पुरा करायचा विचार सोड. जे सोडून गेले तेच तुझा विषय आहेत. फोनवर 'का येत नाही' विचारू नकोस, ते 'पाहुणे आले होते' म्हणतील. त्यांच्याबरोबर निघ. ती धायरीची आई दोन बस बदलून यायची ना? एका शनिवारी तिच्या दारातून निघ. स्वारगेटला उतरताना पायरी किती उंच आहे, कंडक्टर काय म्हणतो, घडी केलेली व्हीलचेअर कोण धरतं, बागेच्या फाटकातले ते लोखंडी खांब व्हीलचेअरला आत सोडतात का. खांब मोटरसायकली अडवायला लावलेत म्हणे. मोटरसायकली आत असतातच.

ती बोलेल, तू लिहू नकोस, रात्री लिही. धाकट्या भावंडांना वेगळं विचार, त्यांना आईपेक्षा जास्त आठवतं. कुटुंबीयांना सहभागी म्हणून घ्यायचं तर संशोधनाला मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीकडे दुरुस्ती टाकावी लागेल, त्या बहिणीचीही वेगळी संमती लागेल. तीन आठवडे जातील. जाऊ देत. गाइड कुरकुरतील. कुरकुरू देत.

मी हेकट आहे असं लोक म्हणतात, तुझ्याही कानावर आलं असेल. एका मोठ्या अहवालातून मी माझं नाव काढून घेतलं होतं, त्याची गोष्ट बहुधा तू वेगळी ऐकली असशील. आईला त्यात सगळीकडे 'अटेंडंट' लिहिलं होतं. मी म्हणाले बदला. ते म्हणाले, मॅडम, शब्दाने काय होतं, छपाई थांबलीय. मी नाव काढलं आणि दोन वर्षांचं काम दुसऱ्यांच्या नावावर गेलं. ते तत्त्वासाठी केलं असं मी बरीच वर्षं सांगत आले. खरं म्हणजे अर्धा राग होता, आणि तो राग त्यांच्यावर कमी आणि माझ्या त्या कात्रीवर जास्त होता. अहवाल 'अटेंडंट'सकट छापला गेला. आत राहून भांडले असते तर निदान तळटीप तरी मिळाली असती. तरी आज परत तेच करीन असं वाटतं. तू मात्र नाव काढू नकोस, तुला अजून नोकरी लागायची आहे. भांडण सोडू नकोस, एवढंच.

आणि सत्र बदल. कट्टा रिकामा झाला पाहिजे. त्यासाठी मोठं काही लागत नाही. निवृत्तीनंतर मी शेजारच्या शाळेच्या पटांगणात बोच्चा सुरू केला होता, म्हणजे पांढऱ्या चेंडूच्या जास्तीत जास्त जवळ आपले चेंडू टाकायचा खेळ. पॅरालिम्पिकमध्ये 1984 पासून आहे, बसून खेळता येतो, हाताने नाही जमलं तर पायाने किंवा उतरत्या पन्हाळीवरूनही चेंडू सोडता येतो. चेंडूंचा संच आपल्याला परवडणारा नव्हता. भाजीची गाडी लावणाऱ्या एका आईने मोज्यात ज्वारी भरून तिच्या तराजूवर बरोबर 275 ग्रॅमचे तेरा चेंडू केले: सहा लाल, सहा निळे, एक पांढरा. खऱ्यापेक्षा जरा मोठे होतात, चालतं. पावसाळ्यात ज्वारीला कीड लागली तेव्हा सगळे चेंडू गच्चीत वाळत घातले होते आणि कबुतरांनी तीन फोडले. पण चेंडू तिने केले होते, त्यामुळे ती कट्ट्यावर बसेना. "हा माझा निळा आहे, मीच टाकणार," म्हणायची, मुलगा चिडायचा, आणि तिने त्याला सरळ सरळ हरवलं. मुद्दाम हरून त्याचं मन राखलं नाही. आजीसुद्धा एक दिवस पदर खोचून उतरल्या. किती मिनिटं झाली ते मी मोजलं नाही. मोजायला हवं होतं, आता पटतं.

'आता सोमवारपासून काय' याचं उत्तर माझ्याकडे एवढंच आहे, तेरा मोजे. वीस वर्षं लागली. त्या फोटोतल्या मुलाच्या आईचा नंबर जुन्या डायरीत आहे, लँडलाइनचा. मी तो लावलेला नाही.

रविवारी सकाळी ये. त्या नऊ घरांची यादी कागदावर आण, नावं नकोत, बसस्टॉप हवेत. जुने मोजे मिळाले तर धुऊन आण, ज्वारी माझ्याकडे आहे. पान 41 घरीच फाडून ये. पोहे करीन.

तुझी,
मॅडम