सायन-पनवेल महामार्गावर अपघात झालेल्यांना रुग्णवाहिकेतच रक्त का चढवत नाहीत?

मी नवी मुंबईतल्या एका रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. आपण म्हणता ते अशक्य नाही; लंडनच्या हवाई रुग्णवाहिकेतले डॉक्टर २०१२ पासून लाल पेशी सोबत नेतात आणि अपघाताच्या जागीच चढवतात. मात्र त्याचा फायदा वाट किती लांब आहे यावर बराच अवलंबून असावा. अमेरिकेत हेलिकॉप्टरमधून नेलेल्या जखमींना वाटेतच प्लाझ्मा (रक्तातला पेशींविना द्रव भाग) दिला, त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले: तीस दिवसांतले मृत्यू प्लाझ्मा न मिळालेल्यांत शेकडा ३३, तर मिळालेल्यांत २३ होते. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या डेन्व्हर शहरातल्या अभ्यासात, जिथे रुग्णालय जवळच होते, असा फरक दिसला नाही.

खरी अडचण पिशवी जपण्याची आहे. लाल पेशी २ ते ६ अंशांत ठेवाव्या लागतात आणि अर्ध्या तासाहून अधिक वेळ थंडाव्याबाहेर राहिलेली पिशवी आम्ही परत साठ्यात घेत नाही. एका मे महिन्यात अपघात विभागाने न वापरलेली, तातडीत कोणत्याही गटाला चालणाऱ्या ओ निगेटिव्हची पिशवी परत पाठवली, तेव्हा पेटीचे झाकण अर्धवट उघडे होते, बर्फाचे पाणी झाले होते आणि पिशवी हाताला कोमट लागत होती. ती टाकून द्यावी लागली. आपल्याकडे निगेटिव्ह गटाचे दाते मुळातच थोडे, त्यामुळे गट तपासायला वेळ नसेल तर पुरुषांना ओ पॉझिटिव्ह देऊन ओ निगेटिव्ह मुली आणि तरुण स्त्रियांसाठी (पुढे गरोदरपणात बाळाला धोका नको म्हणून) राखावे लागते. अशा पिशव्या प्रत्येक गाडीत फिरवत ठेवणे मला तरी पटत नाही.

वाशी ते कळंबोली या पट्ट्यात जखम घट्ट दाबून धरणे, अंग उबदार ठेवणे आणि डॉक्टरांनी तीन तासांच्या आत ट्रानेक्झॅमिक ॲसिड हे रक्तस्राव कमी करणारे औषध देणे अधिक मोलाचे आहे. या औषधाने मृत्यू घटतात, हे २०१० मध्ये वीस हजारांहून अधिक जखमींच्या अभ्यासात दिसले. त्याहून आग्रहाने सांगतो, गाडीतून रुग्णालयाला आधी फोन जायला हवा. गोठवलेला प्लाझ्मा वितळायला वीस-तीस मिनिटे लागतात, ती रुग्ण वाटेत असतानाच सरतील. कसारा घाट किंवा मुरबाडकडच्या लांब वाटेसाठी मात्र गाडीत रक्त ठेवण्याचा विचार जरूर व्हावा.